शाईचं बोट

क्लबात सगळं उजव्यांसाठी.
उसनं मिळणारं होल्स्टर उजवं,
मॅगझिन सोडायचं बटण उजव्या अंगठ्याचं.
मी डावरी.
लहानपणी तीर्थाला डावा हात पुढे केला
म्हणून चापट खाल्लेली.

मग धारावीत गेले, अय्यादुरैच्या गाळ्यात.
लाकडाचा ठोकळा नेला होता पिस्तुलाच्या मापाचा,
खरं असं कुठेही काढून दाखवता येत नाही.
तो म्हणाला, उलटं शिवायचं
म्हणजे आरशात बघून शिवायचं.
तीन वेळा उसवलं,
पैसे दोनदाच घेतले.

सराव रात्री, ओटा पुसून झाल्यावर.
पिस्तूल रिकामं. दोनदा डोळ्यांनी बघायचं,
तिसऱ्यांदा करंगळी घालून.
फ्रिजच्या वर भिंतीला माझीच एक काळी टिकली.
नळीवर आडवा ठेवलेला रुपया.
टिक्.
रुपया पडला की पहिल्यापासून.
खालच्या फडणीसबाईंना वाटतं
मी झोपण्याआधी सुपारी कातरते.
मी हो म्हणते.
या शहरात त्या शब्दाचा दुसरा अर्थ
त्यांना कशाला सांगत बसू.

जालसर आता स्वतः झाडत नाहीत, हात कापतो.
खुर्ची टाकून बसतात रेषेमागे:
"ट्रिगर ओढते काय, बाई?
दुधावरची साय काढतेस ना घरी?
तशी.
फाटली साय, तर गेली गोळी."

गोळ्या मोजून. वहीत नोंद, कोट्याची भीती,
रिकामी पितळी टरफलंही वेचून परत.
आठवडाभर बँकेत लोकांच्या नोटा मोजते,
रविवारी गवतात पितळ.

तेवढ्यात निवडणूक लागली.
पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा.
हवालदारानं पावती फाडली,
माझ्याकडे बघितलं,
पुन्हा परवान्यावरच्या फोटोकडे बघितलं,
काही म्हणाला नाही.
सात आठवडे मी स्टेपलरनं सराव केला.
कमरेपासून डोळ्यापर्यंत, कमरेपासून डोळ्यापर्यंत.
पिना काढून, अर्थात.

मतदानाच्या दिवशी ड्यूटी माझीच, शाईची.
आठशे एकोणसाठ डावी बोटं
एकामागून एक माझ्यासमोर आली,
कुणाचं हळदीचं, कुणाचं ग्रीसचं, एक अर्धंच होतं.
नखापासून कातडीपर्यंत रेघ.
आणि मग माझं.
माझ्या ट्रिगरचं बोट.

त्यानंतरची क्लब मॅच.
कांदिवलीची बंद दगडखाण, तीन बाजूंनी कातळ.
पिस्तूल आदल्या दिवशी सोडवून आणलेलं,
त्याला ठाण्याच्या कपाटाचा वास.
पाच लोखंडी प्लेटा, तीन तपकिरी पुठ्ठे, प्रत्येकाला दोन,
आणि मध्येच डोकावणारा एक पांढरा.
पांढरा म्हणजे निरपराध.
त्याला लागलं की दहा गुण गेले.

सुलक्षणा धुरूच्या हातात टायमर.
"तयार?" विचारताना तिचा आवाज
इंजेक्शनआधीच्या नर्ससारखा होतो.
पीप.

अय्यादुरैच्या चामड्यानं पिस्तूल असं सोडलं
की जणू तेच वाट बघत होतं.
ठण्. ठण्. तिसरी चुकली. ठण्.
माशीच्या मागे निळं-काळं बोट दिसलं,
आणि तेवढ्या क्षणात
मी ते बघत बसले.
मॅगझिन बदलताना मातीत पडलं. दुसरं लावलं.
पुठ्ठे. शेवटची गोळी
सायीसकट गेली.

सतरा पॉइंट झीरो सहा.
आणि पांढऱ्याच्या काठाला
उंदरानं कुरतडल्यासारखं अर्धं भोक.

जालसर उठले. भोकं बुजवायचं काम ते कुणाला देत नाहीत.
थरथरत्या हातानं पांढरा कागद लावला, वाकडा लागला.
मी बोटानं दाबला, शाईच्याच.
"हं," म्हणाले, "झाला बरा.
पुढच्यानं तरी सांभाळावं त्याला."

मग पितळ वेचायला वाकले.
चौदा झाडल्या होत्या, तेरा मिळाली.
उन्हात पाऊण तास चाळलं ते गवत,
एक बेडूक, एक जुनं बटण.
सुलक्षणा म्हणाली, वहीत लिहून टाक, एक कमी.
लिहिलं.
पान उजव्यांसाठी आखलेलं,
माझ्या अक्षरावरून माझाच हात फिरला,
थोडं पुसट झालं.